दाराबाहेर दाखवलेले बोट

सप्टेंबर 2023 मध्ये, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पोर्ट लुईच्या एका वस्तीत पत्र्याचे छप्पर असलेल्या दोन खोल्यांच्या घरात बसून मी एका वृद्ध बाईंना एक प्रश्न विचारला. भिंतीवर कुठल्याशा दुकानाने वाटलेली दिनदर्शिका टांगलेली होती आणि तिच्यावर मॉरिशसचा मोठा, हिरव्या-तपकिरी रंगांतला नकाशा होता. नकाशाच्या खालच्या अंगाला तीन लहान चौकटी आखलेल्या होत्या: एकीत रॉड्रिग्ज, दुसरीत अगालेगा आणि तिसरीत चागोस हा दूरचा बेटांचा समूह. चागोसच्या चौकटीत निळ्या कागदावर शाई शिंपडली जावी तसे काही ठिपके होते. ‘‘यांतले तुमचे बेट कोणते?’’ असे मी विचारले. बाई उठून नकाशापाशी जातील आणि एखाद्या ठिपक्यावर बोट ठेवतील, अशी माझी अपेक्षा होती. त्या उठल्या नाहीत. नकाशाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. बसल्या जागेवरून त्यांनी उजवा हात उचलला, उघड्या दाराकडे बोट केले आणि म्हणाल्या, ‘‘लाबा.’’ क्रिओल भाषेत त्याचा अर्थ ‘तिकडे’. दाराबाहेर गल्ली होती, गल्लीत भिंतीला टेकवलेली सायकल होती, दोरीवर वाळत घातलेले कपडे होते आणि टोकाला पावाचे दुकान होते. बाईंना प्रश्न कळला नसावा असे समजून मी तो पुन्हा विचारला. त्यांनी पुन्हा दारच दाखवले. त्या दिवसापासून ते बोट मला सलत आहे.

त्या घरी मला नेले होते ते मावशींनी. मावशी म्हणजे मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या निवृत्त शिक्षिका. प्राथमिक शाळेत त्यांनी मराठी शिकवली. आपले पूर्वज रत्नागिरीकडचे, एवढेच त्यांना ठाऊक आहे. गावाचे नाव चार पिढ्यांत कुठेतरी गळून पडले. घरात त्या क्रिओल बोलतात आणि मराठी बोलू लागल्या की प्रत्येक क्रियापद जागच्या जागी ठेवून, धड्यातले वाक्य वाचावे तशी बोलतात. माझे कोकणी वळणाचे, अर्धे शब्द खाणारे बोलणे ऐकून त्यांना आधी मौज आणि मग थोडी काळजी वाटली असावी. उत्सवात त्यांच्या घरी नारळांची रास पडली होती. ‘‘हे नारळ आपण एका घरी नेऊ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या बाई नारळाच्या बेटावरच्या आहेत. त्यांची मुलगी माझ्यासोबत शाळेत काम करत होती.’’ पिशवीत आठ नारळ घालून आम्ही बसने निघालो. नारळाच्या बेटावरची माणसे नारळ विकत घेऊन खातात, ही गोष्ट मला तेव्हा फक्त विचित्र वाटली.

बाईंनी पिशवीतला एक नारळ उचलला, डाव्या तळहातावर तोलला, कानाशी नेऊन हलवला आणि कोयत्याच्या पाठीने मधोमध एकच घाव घातला. दोन्ही भकले हातात, पाणी वाडग्यात, आणि जमिनीवर एक थेंब नाही. माझी आजी अशी नारळ फोडायची, पण तिलाही दोन घाव लागत. बाई हसल्या आणि मावशींना काहीतरी म्हणाल्या. मावशींनी माझ्यासाठी मराठी केले: ‘‘त्या सांगतात की हा एक आहे. तिथे दिवसाला बाराशे असत.’’ चागोसमधले काम असेच वाटून दिलेले होते. पुरुषांनी दिवसाला पाचशे नारळ गोळा करून जमिनीत रोवलेल्या लोखंडी सुळावर सोलायचे, बायकांनी बाराशे फोडून खोबरे काढायचे, मग ते उन्हात आणि भट्टीच्या खोलीत वाळवायचे. त्या खोबऱ्याचे तेल मॉरिशसला जाई. म्हणून त्या बेटांना एके काळी ‘तेलाची बेटे’ असेच म्हणत. मळेवाल्यांच्या सत्तेखालचे आयुष्य होते ते. त्याला स्वर्ग म्हणायचा मोह मी आवरतो. आफ्रिका आणि मादागास्करमधून फ्रेंच मळेवाल्यांनी गुलाम करून आणलेल्या माणसांचे हे वंशज. 1814 मध्ये बेटे इंग्रजांकडे गेली, 1835 मध्ये गुलामी संपली, पण मळा, मुकादम आणि शिधा हे चालूच राहिले. तरीही पगार थोडा आणि शिधा मोजका असताना मासळी समुद्रात होती, कोंबड्या दारात होत्या, घर कोणी भाड्याने दिलेले नव्हते. बाईंनी त्या दिवशी आम्हाला ‘सेराझ’ खायला घातले, म्हणजे नारळाच्या घट्ट रसात शिजवलेले मासे. पहिला घास घेताच मी घरच्या चुलीपाशी पोचलो. फक्त आमसूल कुठे गेले, असे जिभेने विचारले.

मी कोकणात वाढलो. सोडलेली वाडी कशी दिसते, हे मला शिकवावे लागत नाही. माणसे मुंबईला जातात, नारळ पाडणारा राहत नाही, नारळ पडतो तिथेच पडून राहतो, त्याला कोंब येतो, आणि चार-पाच वर्षांत वाडीत पाय ठेवायला जागा उरत नाही. 2006 मध्ये ब्रिटिश सरकारने बेटांवरून एके काळी हटवलेल्या सुमारे शंभर चागोसवासीयांना काही दिवसांसाठी बेटांवर नेऊन आणले होते, पूर्वजांच्या कबरी पाहण्यासाठी. या बाई त्यांत होत्या. गावाची शाळा, चर्च, विहीर यांविषयी त्या फारसे बोलल्या नाहीत. त्या तक्रारीच्या सुरात सांगत राहिल्या की नारळ कोणी उचलत नाही, कोंबांचे रान माजले आहे, चर्चच्या भिंतीतूनही झाड वर आले आहे, आणि कबरीपर्यंत जायला वाट कापत जावे लागले. तक्रार एखाद्या शेजाऱ्याविरुद्ध असावी तशी होती. तेहेतीस वर्षांनी भेट झाली आणि त्या पहिल्यांदा काय पाहतात, तर वाडीची निगा राहिलेली नाही.

मग मी तो नकाशाचा प्रश्न विचारला.

ज्या वाटाघाटींनी ही बेटे तोडली गेली, त्यांचे कागद आता सगळ्यांना वाचता येतात, आणि ते मी मॉरिशसहून परतल्यावर पुष्कळ रात्री वाचत बसलो. 23 सप्टेंबर 1965 ला लंडनमध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्यासंबंधीची परिषद चालू असताना ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मॉरिशसचे नेते सर शिवसागर रामगुलाम यांना वेगळे बोलावून घेतले. भेटीपूर्वी विल्सन यांच्या हाती त्यांच्या सचिवाने एक टिपण दिले होते. त्यातले सांगणे असे: रामगुलामांना आशा दाखवून घाबरवावे. आशा अशी, की स्वातंत्र्य मिळू शकेल. भीती अशी, की चागोस वेगळे करण्याच्या बाबतीत शहाणपणा दाखवला नाही तर ते मिळणारही नाही. प्रत्यक्ष भेटीत विल्सन आणखी सभ्यपणे बोलले. तुम्ही स्वातंत्र्य घेऊन परत जाऊ शकता किंवा न घेता; बेटे तुमच्या संमतीने वेगळी करता येतील किंवा आमच्या हुकमाने; सर्वांत चांगले म्हणजे स्वातंत्र्यही आणि संमतीही. संध्याकाळपर्यंत तत्त्वतः होकार झालेला होता. मोबदला ठरला 30 लाख पौंड, आणि संरक्षणासाठी गरज उरली नाही की बेटे परत, असे एक आश्वासन. 8 नोव्हेंबरला ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ या नावाची नवी वसाहत कागदावर जन्माला आली. जगभरच्या वसाहती मिटवल्या जात असताना. पुढल्याच वर्षी दिएगो गार्सिया हे सर्वांत मोठे बेट अमेरिकेला तळासाठी पन्नास वर्षांकरता देण्याचा करार झाला, आणि त्यापोटी पोलारिस क्षेपणास्त्रांच्या खर्चात 1 कोटी 40 लाख डॉलरची सूट ब्रिटनला गुपचूप मिळाली.

‘आशा दाखवून घाबरवावे’ या शब्दांपाशी मी फार वेळ थांबलो. भीती दाखवून कबूल करून घेणे आपल्याला माहीत आहे; सावकाराने, खोताने, साहेबाने तेच केले. आशेचा तसा वापर करणाऱ्याला समोरच्याचे मन नीट ओळखता यावे लागते. रामगुलाम हे बिहारहून आलेल्या गिरमिट्याचे, म्हणजे करारावर आणलेल्या मजुराचे, चिरंजीव. ऊस तोडणाऱ्या लोकांना स्वतःचे राज्य मिळवून देणे हे त्यांच्या आयुष्याचे काम होते आणि ते हाताच्या अंतरावर आलेले होते. दुसऱ्या पारड्यात दोन हजारांच्या आसपास माणसे, दोन हजार दोनशे किलोमीटर दूर, मतदानात मोजली न जाणारी. त्या खोलीत मी असतो तर काय केले असते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर मला आवडले नाही.

मावशींना हे मी फोनवर सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. 12 मार्च 1968 ला ध्वज वर चढला तेव्हा त्या शाळकरी होत्या. नवा गणवेश, हातात कागदी झेंडा आणि मिळालेला पेढा त्यांना अजून आठवतो. ‘‘आम्हाला जे मिळाले, त्याचे पैसे त्यांनी भरले,’’ त्या त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या. ‘‘आणि ते आम्हाला कोणी शाळेत शिकवले नाही. मी सुद्धा कोणाला शिकवले नाही.’’ त्यानंतर त्या जे बोलल्या ते अधिक अवघड होते. चागोसची माणसे बंदरावर उतरली तेव्हा मॉरिशसने त्यांना कसे वागवले, ते. ‘इलुआ’, म्हणजे बेटावरचे, हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. त्यांना कामे मिळत नसत, कारण ऊसाच्या देशात नारळाचे कसब निरुपयोगी. मावशींच्या स्वतःच्या घरीही, ‘त्या वस्तीत जाऊ नको’ असे सांगितले जाई, आणि सांगणारे गिरमिट्यांचेच नातू होते.

बंदरावर उतरणे झाले ते असे. 1968 पासूनच, औषधोपचारासाठी किंवा नातलगांना भेटायला मॉरिशसला आलेल्या माणसांना परतीचे तिकीट नाकारले जाऊ लागले; बेटे विकली गेली, असे त्यांना सांगण्यात आले. 1971 मध्ये दिएगो गार्सिया रिकामे केले गेले. त्याच वर्षी पाळलेली कुत्री एका खोबरे वाळवण्याच्या खोलीत कोंडून, मोटारींचा धूर आत सोडून मारली. मग साल्मों, आणि 1973 मध्ये शेवटचे पेरोस बान्योस, या बाईंचे. ‘नॉर्डव्हेर’ नावाच्या बोटीने त्यांना नेले. बाई तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या आणि बोटीविषयी त्या एकच गोष्ट बोलल्या, की पेटी एकच घेता येईल असे सांगितल्यामुळे आईने पातेली घ्यावीत की गोधड्या, यावर घरात भांडण झाले. पातेली राहिली तिथे. आपल्या मराठीत हाताचे बोट आणि पाण्यावरची बोट यांत लिंगाचाच काय तो फरक. ते मला त्या दिवशी उगीचच आठवत राहिले. पोर्ट लुईला पोचल्यावर पुष्कळांनी उतरायला नकार दिला होता. ज्यांना घरे मिळाली, त्यांत काहींना दारे-खिडक्या नव्हत्या. चागोसवासीयांकडे त्या दुःखासाठी एक शब्द आहे, ‘साग्रें’. मूळ फ्रेंच शब्द खंत या अर्थाचा, पण यांच्या तोंडी तो मरणाचे कारण म्हणूनही येतो. अमका साग्रेंने गेला, असे म्हणतात, जसे आपण तापाने गेला म्हणतो.

त्याच काळात लंडनमधल्या अधिकाऱ्यांच्या टिपणांत या लोकांविषयी जे लिहिले गेले ते वाचताना माझे कान तापले. 1966 मध्ये एका अधिकाऱ्याने असे लिहिले की काही खडक आपल्याकडे राहावेत हा सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे आणि तिथे सीगल पक्ष्यांखेरीज मूळ रहिवासी कोणी असणार नाहीत, आणि पक्ष्यांची अजून समिती झालेली नाही. दुसऱ्याने उत्तरादाखल लिहिले, की दुर्दैवाने पक्ष्यांबरोबर थोडे टारझन आणि मॅन फ्रायडेही येतात (फ्रायडे म्हणजे रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीतला बेटावरचा नोकर). ही थट्टा आहे. त्या लोकांचा द्वेष दोघांनाही नसावा. द्वेष करायला माणूस आधी दिसावा लागतो. चव्वेचाळीस वर्षांनी, 2010 मध्ये, ब्रिटनने बेटांभोवती अवाढव्य सागरी अभयारण्य जाहीर केले, आणि त्याच वर्षी उघड झालेल्या, त्याविषयीच्या एका अमेरिकी तारेत पुन्हा तेच शब्द होते: बेटांवर मानवी पावलांचे ठसे नसतील आणि मॅन फ्रायडेही नसतील. गंमत अशी, की दिएगो गार्सियाचा आकारच पावलासारखा आहे आणि तळावरचे अमेरिकी सैनिक त्या बेटाला अभिमानाने ‘स्वातंत्र्याचे पाऊल’ म्हणतात.

पावलावरून अंगठ्याची गोष्ट आली. पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. 1834 पासून हिंदुस्थानातून आलेले मजूर त्या दगडी पायऱ्या चढून वर आले, आणि मावशींचे पूर्वजही त्याच चढले. न वाचता येणाऱ्या करारावर अंगठा उमटवून ते आले, आणि इंग्रजी ‘अग्रीमेंट’चे त्यांच्या तोंडी गिरमिट झाले. चागोसवासीयांच्या वाट्यालाही आपले गिरमिट आले, फक्त ते येण्यासाठी नव्हते. पहिली भरपाई, साडेसहा लाख पौंड, मॉरिशस सरकारकडे येऊन पडून राहिली आणि 1978 मध्ये वाटली गेली तोवर महागाईने तिचे बरेचसे खाऊन टाकले होते. चार्लेसिया अलेक्सी, लिझेत तालात यांच्यासारख्या बायका रस्त्यावर उतरल्या, उपोषणाला बसल्या, पोलिसांच्या लाठ्या आणि तुरुंग सोसला. 1982 मध्ये आणखी 40 लाख पौंड मिळाले. ते पैसे घेताना अनेकांनी इंग्रजीतल्या एका कागदावर अंगठे उठवले. परतण्याचा हक्क आपण सोडत आहोत, असे त्या कागदात लिहिलेले होते. बाईंनीही उठवला होता. त्या पैशांतून त्यांनी डोक्यावरचे पत्रे घेतले, ज्यांच्याखाली आम्ही सेराझ खात होतो.

यानंतरची न्यायालयांची कथा मी भराभर सांगतो, कारण तिच्यात जिंकणे आणि हरणे इतक्या वेळा आले की त्यातला रस त्याच लोकांना टिकवता आला ज्यांना दुसरा मार्ग नव्हता. चार वर्षांचे असताना पेरोस बान्योस सुटलेल्या ऑलिव्हिए बांकूल यांनी 2000 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात खटला जिंकला. 2004 मध्ये सरकारने संसदेला न विचारता, राणीच्या विशेषाधिकारातल्या आदेशाने तो विजय पुसला. 2008 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. मग मॉरिशस राज्य म्हणून पुढे सरसावले. 2018 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लिझबी एलिझे या चागोसी बाईंची ध्वनिचित्रफीत दाखवली गेली. त्या क्रिओलमध्ये बोलल्या: अंधारात बोटीत चढवले, जनावरांसारखे नेले, पोटात चार महिन्यांचे मूल होते, ते जन्मले आणि गेले. 25 फेब्रुवारी 2019 ला त्या न्यायालयाने तेरा विरुद्ध एक मताने सांगितले, की ते तोडणे बेकायदा होते आणि ब्रिटनने लवकरात लवकर तिथला कारभार संपवावा. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 116 देशांनी मॉरिशसच्या बाजूने मत दिले, अवघ्या सहांनी विरोधात.

त्या दिवशी मी घरी पुण्यात होतो आणि बातमी वाचून मला आनंद झाला होता, हे कबूल करायला हवे. साम्राज्याला मत मोजून हरवले, भारत 116 मध्ये होता, आणि माझ्या आनंदात नक्की कोणते बेट, कोणते लोक, याचा पत्ता नव्हता. आपल्या देशाचे या बेटांशी असलेले नाते तसे वाकडे आहे. 1971 मध्ये अमेरिकी नौदलाचा ताफा बंगालच्या उपसागरात आला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे दिएगो गार्सियाचे नाव दिल्लीत संतापाने घेतले जाई. हिंदी महासागर शांतता क्षेत्र असावा, तळ नकोत, असे आपण आग्रहाने सांगत होतो. 2025 मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात झालेल्या ज्या तोडग्याचे आपण मनापासून स्वागत केले, त्यात तळ जिथल्या तिथे आहे. समुद्रातल्या सावल्या बदलल्या, आता दुसऱ्याच देशाची धास्ती आहे, हे मला समजते. तरी जुन्या भाषणांची आठवण कोणी काढत नाही, तेवढे खटकते. आणि या अर्ध्या शतकात त्या बेटावर सैन्य आणि कंत्राटी कामगार सोडून कोणी राहिले असेल, तर 2021 मध्ये तामिळनाडूहून कॅनडाला निघालेले आणि बोट नादुरुस्त होऊन तिथे अडकलेले श्रीलंकन तमिळ. तंबूंत त्यांची तीन वर्षे गेली. ज्यांना तिथे जायचे होते त्यांना जाऊ दिले नाही, आणि ज्यांना निघायचे होते त्यांना निघू दिले नाही. बेटांचा आणखी एक रहिवासी आहे तो अदृश्य: संकेतस्थळांच्या शेवटी दिमाखात येणारी ‘आयओ’ ही अक्षरे याच प्रदेशाच्या नावाची. ती विकत घेणाऱ्या माझ्या ओळखीच्या एकाही तरुणाला हे ठाऊक नव्हते.

मी बाईंच्या घरी गेलो तेव्हा नव्या वाटाघाटी चालू होत्या. नोव्हेंबर 2022 मध्ये ब्रिटनने त्यांना तयारी दाखवली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत मॉरिशसने एक जहाज नेऊन पेरोस बान्योसच्या किनाऱ्यावर आपला ध्वज उभारला होता, आणि त्या जहाजात काही चागोसवासीही होते. मी बाईंना विचारले की चर्चेतून काय निघेल असे वाटते. त्यांनी खांदे उडवले. चर्चेच्या मेजावर दोन खुर्च्या होत्या, एक लंडनची, एक पोर्ट लुईची, आणि मेजाखाली पाय पसरून तिसरी सत्ता बसलेली होती, ती वॉशिंग्टनची. ज्यांच्या घराविषयी बोलणे चालू होते त्यांना अधूनमधून माहिती देण्यात येत होती. 3 ऑक्टोबर 2024 ला दोन्ही सरकारांनी निवेदन काढले. महिना-सव्वा महिन्यात मॉरिशसमध्ये निवडणूक होऊन सरकार बदलले, नवे पंतप्रधान नवीन रामगुलाम यांनी पैशांची आणि मुदतीची कलमे पुन्हा काढली. 1965 मध्ये विल्सनसमोर बसलेल्या शिवसागर रामगुलामांचे हे चिरंजीव. वडिलांनी जे दिले ते मुलाने परत मागायचे. इतिहास इतका नाटकी होतो तेव्हा मला त्याचा थोडा संशय येतो.

22 मे 2025 ला सही व्हायची होती. पहाटे अडीचच्या सुमारास लंडनच्या उच्च न्यायालयाने तिला तात्पुरती मनाई केली. मनाई मागणाऱ्या दोन चागोसी स्त्रिया होत्या, दोघी दिएगो गार्सियावर जन्मलेल्या, आता ब्रिटिश नागरिक. बेटे मॉरिशसकडे जाऊ नयेत, आम्हाला कोणी विचारलेच नाही, असे त्यांचे म्हणणे. दुपारपर्यंत मनाई उठली आणि सही झाली. सार्वभौमत्व मॉरिशसचे, दिएगो गार्सिया 99 वर्षे ब्रिटनच्या हाती, पुढे चाळीस वर्षे वाढवता येतील, त्यापोटी वर्षाला सरासरी 10 कोटी 10 लाख पौंड, दिएगो गार्सियाभोवती 24 सागरी मैलांच्या आत ब्रिटनच्या संमतीवाचून काही उभारायचे नाही, चागोसवासीयांसाठी 4 कोटी पौंडांचा निधी, आणि बाकीच्या बेटांवर वस्ती करू देण्याची मॉरिशसला मोकळीक. त्या शेवटच्या कलमात पेरोस बान्योस येते. मॉरिशसमध्ये बांकूल आणि त्यांचे सहकारी आनंदले. लंडनजवळच्या क्रॉलीत, विमानतळाच्या सावलीत राहणारे अनेक चागोसवासी चिडले. पन्नास वर्षे दोन देशांत आणि दोन तऱ्हांच्या दारिद्र्यात राहिल्यावर एका समाजाचे एकच मत असावे, ही अपेक्षा आपण स्वतःविषयी कधी करत नाही. मला करार वाईट वाटत नाही. साठ वर्षांत पहिल्यांदा परतीची वाट दोन देशांच्या करारात लिहिली गेली, आणि तेवढ्यासाठी दोन्ही बाजूंच्या मुत्सद्द्यांना मान द्यायला हवा. मात्र त्यातले 99 हे आकडे वाचताना मी बाईंचे वय मोजत बसलो.

सहीच्या आठवड्यात मावशींनी मला फोन केला. ती बातमी घेऊन त्या पिशवीत नारळ घालून पुन्हा त्या घरी गेल्या होत्या आणि कलमे एकेक करून क्रिओलमध्ये समजावून सांगितली होती. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि दोन प्रश्न विचारले. बोट कोणत्या महिन्यात निघणार. आणि तिथे जाऊन कोंब उपटायला किती माणसे देणार. मावशींना दोन्हींची उत्तरे सापडली नाहीत. बोलता बोलता मी त्यांना ते बोट, ते दार, तो नकाशा सांगितला. जवळजवळ दोन वर्षे ती गोष्ट मी मनात ठेवली होती. मावशी शिक्षिका; त्यांनी लगेच मापाची चौकशी केली. नकाशा केवढा होता? अर्धा मीटर, मी म्हणालो. मॉरिशस उत्तर-दक्षिण पासष्ट किलोमीटर. मग त्या मापाने पेरोस बान्योस भिंतीवरच्या कोपऱ्यात येणारच नाही, तो नकाशापासून सतरा मीटरांवर येईल, ईशान्येला. ‘‘त्या घराचे दार ईशान्येकडे आहे,’’ त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघेही काही बोललो नाही.

मावशींनी पुढच्या खेपेला हे गणित बाईंच्या नातवाकडून करवून घेतले. तो दहा वर्षांचा आहे. नकाशाला पाठ लावून तो उभा राहिला आणि मोठ्याने मोजत दारातून बाहेर पडला. सव्विसाव्या पावलाला तो पावाच्या दुकानाच्या पायरीवर होता.

2026 च्या जानेवारीत करार पुन्हा डळमळला. लंडनच्या संसदेत तो अडखळत होताच. त्यात ज्या अमेरिकेने आधी त्याचे स्वागत केले होते तिच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला महामूर्खपणा म्हणून टाकले. मी मावशींना फोन लावला तेव्हा त्या नेमक्या बाईंच्याच घरी होत्या. बातमी तिथे आधीच पोचली होती. बाई काय म्हणतात, असे मी विचारले. फोनमध्ये मागून भांड्यांचा आवाज येत होता आणि कोणीतरी मुलाला हाका मारत होते. मावशी हसल्या. ‘‘त्या नातवाला सांगत आहेत की पेरोसला जा आणि दोन पाव घेऊन ये. आता ह्या घरात सगळे तसेच म्हणतात.’’ मग त्यांनी फोन थोडा लांब धरला असावा, कारण मला दार उघडल्याचा आवाज आला, आणि त्या मुलाची धावती पावले.